'आण', तीन अक्षरी

गेल्या वर्षी भाद्रपदातली गोष्ट. पाथर्डीच्या आमच्या समुपदेशन केंद्रात दुपारी आठ बायका बसल्या होत्या. त्यातल्या तिघींच्या सासरची माणसे तारखेला यायची होती. आधी 'निघालोय' असा निरोप आला, मग 'एसटी चुकली' असा आला, मग निरोप यायचेही थांबले. वीज गेलेली, पंखा बंद. मी फायली बाजूला सारल्या आणि रविवारच्या पुरवणीतले शब्दकोडे पुढे ओढले.

हे मी चोरून करते, ते आधीच कबूल केलेले बरे. रजिस्टरच्या खाली पेपर, हातात पेन्सिल, आणि कुणी दार लोटले की कोडे आत. छत्तीस वर्षांची, एमएसडब्ल्यू झालेली, बारा वर्षे संस्थेत काम केलेली बाई शाळेतल्या पोरीसारखी कोडे लपवते. मैत्रिणींनो, मी ते का लपवते, याचा विचार करता करता हा लेख झाला आहे.

आधी कोडे. आडवा शब्द, तीन अक्षरी, सूत्र 'कमळ'. ज्यांनी मराठी कोडी सोडवली आहेत त्यांना इथेच हसू येईल. पंकज, सरोज, नीरज, अंबुज, जलज, राजीव, नलिनी, उत्पल, सगळी कमळेच आणि सगळी तीन अक्षरी. आमच्या दुष्काळी तालुक्यात कमळ बघायला मिळत नाही, पण कोड्यात दर आठवड्याला उगवते. शेवटचे अक्षर 'ज' आहे हे मला उभ्या 'समाज'वरून कळले होते. एरवी एखादे अक्षर मिळाले की कोडे सुटायला लागते, पण हा 'ज' काही कामाचा नाही. पंकजही ज, सरोजही ज, नीरज, अंबुज, जलज सगळे ज. पहिले अक्षर हवे होते, आणि ते खाली जाणाऱ्या दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर होते. त्या उभ्या शब्दाचे सूत्र होते 'वचक, दाब', तीन अक्षरी.

'जरब'! मला झटकन सुचले. जरबचा ज, म्हणजे कमळ 'जलज'. दोन्ही शब्द एकमेकांत चपखल बसले. मी पेन्सिल ठेवून पेन घेतले आणि शाईने लिहिले. ही माझी चूक, आणि तिची शिक्षा रविवारपासून मंगळवारपर्यंत भोगली. कारण 'जरब'चा 'ब' जिथे संपत होता तिथून एक आडवा शब्द सुरू होत होता. तीन अक्षरी. शेवटचे अक्षर 'थ', कारण तिथून खाली 'थरकाप' जात होता आणि थरकापाबद्दल शंका नव्हती. म्हणजे ब, मध्ये काहीतरी, मग थ. आणि सूत्र होते फक्त 'आण'.

बअथ, बकथ, बगथ. बाराखडी संपली. मी पोळ्या लाटताना, तिसगावच्या बैठकीला जाताना जीपमध्ये, रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच घोकत होते. 'आण' म्हणजे घेऊन ये. घेऊन ये या अर्थाचा, ब ने सुरू होणारा, थ ने संपणारा शब्द मराठीत कुठून आणायचा? मोबाईलवर कोश उघडला असता तर मिनिटात उत्तर मिळाले असते. मोल्सवर्थचा कोश आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, दोन्ही आता फुकट बघता येतात. पण ते करायचे नाही असा माझा हट्ट. घरात नवरा म्हणाला, "एवढं डोकं फोडण्यापेक्षा सोडून दे की." त्याला काय सांगणार? अडलेले कोडे दाढेत अडकलेल्या चिंचोक्याच्या सालीसारखे असते. जीभ सारखी तिकडेच जाते. त्यात संताप असतो हे खरे, पण तो संताप कुणाचे देणे नसतो. दिवसभरात आपल्याला इतके राग येतात, त्यातला हा एकटाच आपण आपखुशीने ओढवून घेतलेला.

तर मंगळवारची ती दुपार. उकाड्याने आणि वैतागाने माझ्या तोंडून मोठ्याने निघाले, "आण, आण! काय आण?"

भिंतीला टेकून बसलेली एक मुलगी म्हणाली, "चहा आण." दुसरी म्हणाली, "पाणी आण." मग सगळ्यांनाच चेव आला. टॉवेल आण, चप्पल आण, सरपण आण, दुकानातून पुडी आण. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आणि कोपऱ्यातली, जिची तारीख होती ती, हळूच म्हणाली, "माहेरून पैशे आण." हसणे थांबले.

मी ओशाळून पेपर दाखवला. म्हटले, असे असे कोडे आहे, तीन अक्षरांचा शब्द पाहिजे. तिथे एक मावशी होत्या, लेकीच्या केसच्या निमित्ताने येत असत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, सही अंगठ्याची. त्या म्हणाल्या, "ताई, आण म्हंजी शपथ की. आईची आण न्हाई का घालीत? तुला माझ्या गळ्याची आण." आणि पेरावर अंगठा टेकवत त्यांनी मोजले, श, प, थ. "तीन झाली बगा."

शपथ! म्हणजे पहिले अक्षर ब नव्हे, श. म्हणजे 'जरब' चूक. वचक, दाब, शेवटी श... 'अंकुश'. अंकुशाचा अं, म्हणजे कमळ 'अंबुज'. तीन दिवस घट्ट बसलेली कडी खटकन उघडली आणि पाठोपाठ चार दारे उघडत गेली. शाईवर शाई गिरवून कागद फाटला, पण मला जो आनंद झाला तो मला लपवता आला नाही. मावशींना विशेष काही वाटले नव्हते. त्यांनी पुढचे विचारले, "आणिक काय हाय त्यात?"

मला त्या दिवशी दोन गोष्टी लागल्या. पहिली माझ्या धंद्याची. जरब आणि जलज, दोन्ही शब्द चूक, पण एकमेकांना भक्कम टेकू देणारे. एकाकडे बघून दुसऱ्यावर विश्वास बसतो. नवऱ्याचा जबाब आणि सासूचा जबाब शब्दाशब्दाने जुळतात तेव्हा आम्ही 'पडताळणी झाली' असे लिहितो. मीही लिहिले आहे. तिसरीकडून कुणी, एखादी शेजारीण किंवा सहा वर्षांची पोर, वेगळेच अक्षर सांगते तेव्हा आम्ही त्या तिसऱ्या अक्षरावर संशय घेतो. याहून जास्त मी इथे लिहीत नाही, तो विषय वेगळा आहे.

दुसरी गोष्ट अक्षराची. मराठी कोडे एका घरात एक अख्खे अक्षर मागते, काना-मात्रा-अनुस्वारासकट. 'अंबुज' तीन घरे, 'पद्म' दोन. इंग्रजी कोड्यात स्पेलिंग यावे लागते, एकेक सुटे लेटर माहीत असावे लागते. मराठीतले अक्षर तोंडाने मोजता येते. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईला तर ते पिढ्यान्‌पिढ्या येते, कारण गाताना शेवटचे अक्षरसुद्धा लांबवून मोकळे करावे लागते. बोलताना आपण 'शपथ्' म्हणतो, मावशींनी गाण्यातल्यासारखे श-प-थ मोजले. म्हणजे निरक्षर बाई मराठी शब्दकोडे सोडवू शकते. कुणीतरी घरे मोजून सांगायला आणि लिहून घ्यायला बसले की झाले. साक्षरता वर्गांवर इतकी वर्षे घालवून ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

त्या दिवसापासून मी कोडे रजिस्टरवर ठेवले. तारखेला आलेल्या बायका ताटकळत बसतात तेव्हा आम्ही ते मोठ्याने वाचतो. आणि मग जे व्हायचे ते झाले. आमच्या मासिक बैठकीत एका सहकारी मैत्रिणीने विषय काढला. तिचे म्हणणे थोडक्यात असे की, मारहाणीच्या, पोटगीच्या केसेस घेऊन बायका येतात आणि आपण त्यांना मध्यमवर्गीय चाळ्यात गुंतवतो. या वेळात कायद्याची माहिती देता येईल, आरोग्याची तक्ती लावता येतील, बचत गटाचा हिशेब तपासता येईल. ती माझी जुनी मैत्रीण आहे, तिची कळकळ खोटी नाही. पण मला तिचे पटले नाही, आणि बैठकीत धड सांगता आले नाही म्हणून इथे सांगते.

बाईच्या वेळेवर सगळ्यांचा हक्क आहे. घराचा आहे, शेताचा आहे, मुकादमाचा आहे. सरकारी योजनेचा आहे, कारण फॉर्मसाठी रांगेत तीच उभी असते. आणि तिच्या भल्यासाठी का होईना, आपला, चळवळीचाही आहे. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातले बिनमोलाचे काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात असे निघाले, आणि असे काम करणारे जे काही पुरुष आहेत ते ९७ मिनिटे. हे आकडे आपण सगळ्याजणी भाषणात सांगतो. पण उरलेल्या वेळेपैकी अर्धा तास बाईने काहीही उपयोगाचे न करता, नुसते डोके चालवण्याच्या मजेसाठी घालवला, तर आपल्याही कपाळावर आठी येते. पुरुष पारावर पत्ते कुटत बसतो तेव्हा त्याला कुणी उपयोग विचारत नाही. बाईची करमणूकसुद्धा आपण हळदीकुंकवाच्या वाणासारखी ठरवतो, त्यातून काहीतरी उपयुक्त वस्तू मिळालीच पाहिजे.

हा आक्षेप नवा नाही. पहिले छापील शब्दकोडे न्यूयॉर्क वर्ल्ड या वर्तमानपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी आले, आर्थर विन यांनी ते केले होते. दहा वर्षांत लोक वेडे झाले. तेव्हा १९२४ साली न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेख लिहून या नादाला वेळेची पापी उधळपट्टी ठरवले. त्याच न्यूयॉर्क टाइम्सने महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ च्या फेब्रुवारीत, स्वतःचे कोडे सुरू केले आणि संपादक म्हणून आणले मार्गारेट फरार या बाईंना. या बाई मुळात न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये सेक्रेटरी म्हणून लागल्या होत्या. कोड्याचे काम कुणाला नको होते म्हणून त्यांच्या गळ्यात पडले. सुरुवातीला त्या कोडे न तपासताच छापायला देत. एकदा स्वतः सोडवायला बसल्या, त्यातल्या चुका बघून ओशाळल्या, आणि मग कामाला लागल्या त्या अशा की आजच्या इंग्रजी कोड्याची बरीचशी शिस्त त्यांनीच घालून दिली. नकोसे काम बाईकडे सरकवायचे आणि तिने त्याचे सोने केले की बघत बसायचे, हे तिकडेही असेच.

आपल्याकडे गंमत वेगळी झाली. एकेकाळी मुंबई राज्यात बक्षिसांच्या कोड्यांचा मोठा धंदा होता. प्रवेश फी भरायची, उत्तर पाठवायचे, हजारोंची बक्षिसे. सरकारने १९५५ साली बक्षीस स्पर्धांचा कायदा करून महिन्याचे एकूण बक्षीस एक हजार रुपयांच्या आत आणि प्रवेशिका दोन हजारांच्या आत बांधल्या. चमारबागवाला हे कोडेवाले सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १९५७ साली निकाल दिला की हा कायदा जुगारी स्वरूपाच्या स्पर्धांनाच लागू आहे, जिथे मुख्यतः कौशल्याने यश मिळते त्या स्पर्धांना नाही. पैसा लागला होता तेव्हा कोड्यात कौशल्य आहे की नाही यावर देशातल्या सर्वोच्च न्यायालयात खल झाला. दुपारी ओट्याशी उभी राहून फुकट कोडे सोडवणाऱ्या बाईच्या वेळेला मात्र 'टाइमपास' हा एकच शब्द आहे.

आणि कोडे हे आपल्याकडे मध्यमवर्गाने आणलेलेही नाही. उखाणा म्हणजे मुळात कोडे. मराठवाड्यात, विदर्भात अजूनही कित्येक म्हाताऱ्या बायका कोड्यालाच उखाणा म्हणतात. एकीने घालायचा, दुसरीने सोडवायचा, हरली की कबूल करायचे. आपण त्यातले नवऱ्याचे नाव घेणे तेवढे जपले आणि डोके चालवणे सोडून दिले.

माझ्या मैत्रिणीच्या बोलण्यात एक मुद्दा मात्र खरा होता, तो तिने मांडला नाही तरी. पेपरातल्या कोड्यातली भाषा आमच्या बायकांची नाही. तिथे गाढवाला 'रासभ' म्हणतात. मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, तिथे जाऊन 'हा रासभ कितीला' असे विचारून पाहा. 'पत्नी' हे सूत्र तर दर पंधरा दिवसांनी येते. कांता, भार्या, जाया, कलत्र, अर्धांगी. 'भार्या' म्हणजे जिचे भरणपोषण करायचे ती, असे मी अर्थासह सांगितले तेव्हा पोटगीसाठी दोन वर्षे खेटे घालणाऱ्या एकीने विचारले, "मग कोर्टात ह्ये सांगाय चालंल का?" तिच्या अर्जावर कलम १२५ होते. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते कलम १४४ झाले, त्यानंतर आलेल्यांच्या अर्जावर नवा आकडा असतो. पैसे जुन्या आकड्याने थकले होते तसे नव्यानेही थकतात.

एकदा सूत्र आले 'थैली', तीन अक्षरी. तीनचारजणी एकदम म्हणाल्या, "पिशवी." उत्तर बरोबर होते. पण नंतर थोडा वेळ कुणी बोलले नाही, कारण आमच्याकडे पिशवी म्हणजे गर्भाशय. 'पिशवी काढली' हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचे प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजले, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्याची हद्द कागदावर असते, फडात दोन्हीकडच्या बायका शेजारी कोपी घालून राहतात. कोडे करणाऱ्याच्या मनात यातले काही नव्हते. तो बाजारात न्यायच्या पिशवीबद्दलच विचारत होता.

मग आमच्यातल्या एकीने, सातवीपर्यंत शिकलेल्या, सुचवले की आपणच कोडे करू. करायला घेतल्यावर कळले की सोडवण्यापेक्षा करणे दसपट अवघड. शब्द भराभर निघाले. उचल, टोळी, मोळी, पाचट, मुकादम, खाडा. पण शब्दाला शब्द अडकवायचा, काळी घरे कुठे टाकायची, आणि सूत्र असे द्यायचे की ओळखता येईल पण लगेच नाही, यात भाद्रपद संपला. 'उचल'चे सूत्र काय द्यायचे यावर एक अख्खी दुपार भांडण झाले. एकीचे म्हणणे 'घेताना हलकी, फेडताना जड'. दुसरी म्हणाली, ती घेतानाच जड असती, सूत्र चूक आहे. शेवटी पहिलेच ठेवले, पण तिने ते मान्य केलेले नाही. 'खाडा'ला 'आजारपणाचा दंड' हे सूत्र मात्र एका दमात ठरले. 'कोयता' कुठेच बसेना, याची सगळ्यांना हळहळ. कारण तो शब्द आमच्या भागात दुहेरी आहे, कोयता म्हणजे हत्यारही आणि नवरा-बायकोची जोडीही. मुकादम कोयते मोजतो, माणसे मोजत नाही, आणि एकटी बाई गेली तर ती अर्धा कोयता. इतका चांगला शब्द हातात असून घालता आला नाही. उजव्या कोपऱ्यात आडवा 'खोपी' होता, त्यातून उभा 'खोडवा' गेला, खोडव्याच्या वा मधून 'वाढे' निघाले, आणि तो कोपरा तसाच बंद झाला.

आलेखाच्या कागदावर कोडे उतरवून आम्ही झेरॉक्स काढल्या. दसरा झाला, टोळ्या उठल्या. ट्रक-ट्रॅक्टरवर संसार चढला, त्यात दोघींनी तो कागद बरोबर नेला. मी मनातून तो विसरूनही गेले होते. फडावर पहाटे चारला उठणाऱ्या बाईला कोड्याला सवड कुठून मिळणार, असे मीही धरून चालले होते. माझ्या मैत्रिणीपेक्षा मी फार वेगळी नाही.

पट्टा पडल्यावर चैत्रात त्यातली एक केंद्रात आली. कागद घडीवर फाटलेला, उसाच्या चिकट्याने मळलेला. तिने तो टेबलावर पसरला आणि उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवले.

"ताई, हितं तुमचं चुकलंय. खोपी न्हाई म्हणत आमी, कोपी म्हणतो."

मी म्हटले, अगं पण मग खोडव्याचा खो जातो.

"जाऊ द्या की खोडवा. को आला की खाली कोयता बसतोय." तिने ती दोन्ही खोडून पेन्सिलने नीट लिहिले होते, को-य-ता. वाढेही गेले होते, त्याच्या जागी 'ताट' आले होते, आणि बाजूला वाकड्या अक्षरात तिने स्वतःचे सूत्र लिहिले होते, 'शेतात उभं, घरात आडवं'.